ठिपकेवाल्यांची ओळ

त्या राज्यात अक्षरं राहत, आणि कोणी कुठे उभं राहायचं हे ज्याच्या त्याच्या घराण्यावरून ठरे. सरळ घराण्यातली अक्षरं पुस्तकांत राहत. जाड घराण्यातली दुकानांच्या पाट्यांवर आणि सरकारी इशाऱ्यांत. त्यांचा आवाजच तसा, हळू बोलायला गेली तरी शेजारची चार घरं दचकायची. बारीक घराण्यातली औषधांच्या बाटल्यांवर आणि करारांच्या तळाशी दाटीवाटीने राहत. आपल्याला कोणी वाचत नाही याचं त्यांना मुळीच वाईट वाटत नसे. त्यांना तेच हवं असे.

उरलं ते ठिपकेवाल्यांचं घराणं. ही मंडळी दोन बाबतींत जगावेगळी होती. एक म्हणजे त्यांचं अंग सलग नव्हतं. इतरांच्या अंगाची एकच काळीभोर रेघ. यांचे नुसते गोल ठिपके, एकाशेजारी एक, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये चक्क मोकळी जागा. दुसरं म्हणजे ती सगळी तिरकी होती. कुठेतरी जायला निघाली आहेत आणि कोणी हाक मारली म्हणून जरा थांबली आहेत, अशी उजवीकडे कललेली. नावंसुद्धा दाण्यांची ठेवायची त्यांच्यात रीत होती. घरात तिळोबा, जिरूबाई, नाचणदास, मोहरी.

त्यांना काम नव्हतं असं कोणी म्हणू नये. जत्रेची कमान, लग्नमांडवाचं तोंड, सर्कशीचा तंबू, पेढ्यांच्या खोक्याचं झाकण, अत्तराच्या दुकानाची काच, जिथे थोडी मौज असेल तिथे ठिपकेवाल्यांना हमखास बोलावणं जाई. कापडी फलकावर तर त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. सरळ मंडळी फलकावर चढली की वारा त्यांना छातीवर गाठायचा आणि कापड टरकन फाटायचं. ठिपकेवाल्यांच्या अंगातून वारा आरपार निघून जाई. पण मांडव उतरला की मानही उतरला. आदल्या दिवशी ‘वा वा’ करणारे दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटले तर ओळखसुद्धा देत नसत.

एकदा मात्र त्यांच्यातल्या काही जणांनी हट्टाने पंचांगात जागा मिळवली होती. अक्षर जिथे उभं राहील तिथलं माप घेई, आणि पंचांगातलं माप म्हणजे किती, तर मुंगीला आडवं पडता येईल एवढं. त्या मापात उभं राहिल्यावर ठिपके इतके बारके झाले की पंचांग उघडणाऱ्या गृहस्थाला वाटलं, पानावर धूळ बसली आहे. त्याने ‘फू’ केलं, आणि अख्खी एकादशी जमिनीवर सांडली! घरची माणसं तीन दिवस ठिपके वेचत होती. वेचताना थोडी सरमिसळ झालीच. जिरूबाईच्या अंगात तेव्हापासून तिच्या थोरल्या दिराचे दोन ठिपके आहेत, आणि त्यामुळे तिला जेवणानंतर तंबाखूची तलफ येते. ती बिचारी कोणाला सांगणार?

या घराण्याची एक शाखा टेकडीवर राहत होती. राज्याच्या मधोमध एक मोठी नदी होती, आणि तिच्या अलीकडच्या काठाला पाण्याखाली खडकच खडक होते. नाव लागेल अशी जागा एकच, टेकडीच्या पायथ्याशी. म्हणून टेकडीच्या अंगावर ठिपकेवाल्यांचे अकरा जण ओळीने उभे असत: ‘इथे खडक नाही, नाव लावा.’ माप एवढं मोठं की एकेक ठिपका घागरीएवढा. दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत गवत उगवे आणि शेळ्या ते चरून जात. सकाळी उन्हं आली की उभं राहायचं, सूर्य मावळला की बसायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं होतं.

मोहरी या ओळीतली सगळ्यात तरुण. आईवडील तिच्या लहानपणीच गेले. तिळोबाकाका ओळीचा म्होरक्या, आणि जिरूबाई तिची आत्या. दोघांनी तिला वाढवलं. मधोमधच्या जरा अलीकडे तिची जागा होती. एका बाजूला नाचणदास, जो उभ्या उभ्या पेंगायचा, आणि दुसऱ्या बाजूला जिरूआत्या, जी उभ्या उभ्या बोलायची. एकंदरीत घर सुखाचं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. खायला प्यायला होतं, थट्टामस्करी होती, आणि संध्याकाळी सगळे गवतात पाय पसरून बसले की तिळोबा अशी एकेक नक्कल करी की पोट धरून हसावं.

पण मोहरीच्या मनात एक सल होता. लहान असताना ती एकदा टेकडीमागच्या रस्त्याने पानपूरला गेली होती, एका लग्नाला. मांडवाच्या तोंडाशी मोठी माणसं उभी होती आणि ती त्यांच्या पायाशी खेळत होती. तेवढ्यात सरळ घराण्यातला एक मुलगा आला आणि त्याने तिच्या पोटातून बोट घातलं, ते पाठीतून बाहेर काढलं. “चाळणी!” तो ओरडला. सगळे हसले. ठिपकेवालेही हसले, त्यांना अशा गोष्टींची सवय होती. मोहरीला मात्र इतकी लाज वाटली की ती वरातीला थांबलीच नाही. तेव्हापासून ती जेव्हा जेव्हा आपल्या माणसांकडे बघे तेव्हा तिला आधी भोकं दिसत. आत्याच्या खांद्यातून दिसणारं आभाळ, काकाच्या छातीतून दिसणारी शेळी. आपण पुरे नाही, ही गोष्ट तिने मनाशी पक्की धरली होती.

त्या वर्षी पानपूरहून टेकडीवर एक पाहुणा आला. स्तंभराव त्याचं नाव. सरळ घराण्यातला, मोठ्या ग्रंथाचा कारभारी. राज्यातलं सगळं शहाणपण त्या ग्रंथात होतं आणि त्याची नवी प्रत तयार होत होती. स्तंभराव मनाचा चांगला होता, हेही सांगायला हवं. त्याला खरंच वाटे की सगळ्यांना ग्रंथात जागा मिळावी. हातात गवंड्याचा ओळंबा घेऊन तो ओळीतल्या प्रत्येकाजवळ गेला. दोरी लोंबकळत सोडून कोण किती कललं आहे ते त्याने मोजलं, बोटं घालून फटी तपासल्या, आणि मग हळहळला.

“तुमची काही चूक नाही हो,” तो म्हणाला. “पण असं अर्धवट किती दिवस राहणार? नदीपलीकडे भरणाघर काढलंय आम्ही. ठिपक्यांच्या मधल्या जागा शाईने भरून देतात, आणि पाठ सरळ करून देतात. सकाळी जा, संध्याकाळी अखंड होऊन ग्रंथात.”

“दुखतं का?” नाचणदासाने झोपेतून विचारलं.

“अजिबात नाही. मात्र एकदा शाई भरली की ती निघत नाही. आणि निघावी तरी कशाला?”

जिरूआत्या फणकारली. “माझ्यात आधीच दुसऱ्याचे दोन ठिपके आहेत. आता त्यात शाईची भर नको मला.”

सगळे हसले. मोहरी हसली नाही. ती एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली, “मी येते.”

ओळीतल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आत्याचं बोलणंसुद्धा थांबलं, यावरून काय ते समजावं. तिळोबाने पुतणीकडे बघितलं. त्याला राग आला नव्हता. तो आपली जागा सोडून तिच्यापाशी आला.

“विचार केलास, पोरी?”

“लहानपणापासून करतेय, काका. तुम्ही सगळे सरकून घ्या. माझी जागा दोन दिवसांत भरून निघेल.”

“बघू,” तिळोबा म्हणाला. मग त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेळ्या हाकायला निघून गेला. खरं तर शेळ्या केव्हाच घरी आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर असं धुकं होतं की स्वतःचे पाय दिसू नयेत. नावाड्याने कपाळाला हात लावला. त्या राज्यात नावा चालवायचं काम आकड्यांकडे होतं, आणि हा नावाडी सातूबा, चांगला जुनाजाणता सात. “साहेब, अशात नाव न्यायची नसते,” तो कुरकुरला. “जायचंच असेल तर चुकलंमाकलं माझ्या माथी नको.” पण स्तंभरावाला ग्रंथाच्या हजेरीला पोचायचं होतं, त्यामुळे नाव निघाली. मोहरी टेकडीकडे पाठ करून बसली होती. वळून पाहिलं असतं तरी धुक्यात काही दिसलं नसतं, आणि तिला वळून पाहायचंही नव्हतं. वळले तर रडू येईल, हे तिला ठाऊक होतं.

पलीकडे उतरल्यावर स्तंभरावाने तिला आधी ग्रंथ दाखवायला नेलं.

मोहरीचे डोळे दिपले. दिपायलाच हवेत, ग्रंथ होताच तसा. पानामागून पान, पानावर ओळीखाली ओळ, आणि प्रत्येक ओळीत सरळ घराण्यातली अक्षरं खांद्याला खांदा लावून उभी. डोक्यावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध, कुठे कसर नाही. कोणी खोकत नव्हतं, कोणी पेंगत नव्हतं. हे सगळं किती नीटनेटकं आहे, असं तिला मनापासून वाटलं, आणि टेकडीवरच्या आपल्या घरची थोडी लाजही वाटली.

“ही तुझी ओळ,” स्तंभराव एका पानाशी थांबला. “या दोघांच्या मध्ये.”

पण त्या दोघांच्या मध्ये तसूभरही जागा नव्हती.

“इथे?” मोहरीने विचारलं.

“तू आलीस की सरकतील ते.”

तिच्या डाव्या हाताला जी येणार होती ती एक वयस्कर बाई होती, दांडेबाई. चेहरा मायाळू होता. मोहरीने नमस्कार केला आणि बोलायचं म्हणून विचारलं, “आधी इथे कोण होतं?”

“होतं कोणीतरी,” दांडेबाई म्हणाल्या. “शाई विटली म्हणून काढलं परवा. की तेरवा? आम्ही लगेच सरकून घेतलं, त्यामुळे नीटसं आठवत नाही.”

“नाव काय होतं?”

दांडेबाईंनी बराच विचार केला. आठवत नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. “छान होतं हो नाव,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुझं काय?”

“मोहरी.”

“वा. लक्षात ठेवते.”

मोहरी तिथून निघाली. दांडेबाई काही वाईट बोलल्या नव्हत्या. तरी तिच्या मनाला काहीतरी लागलं होतं, आणि काय लागलं ते तिला सांगता येत नव्हतं.

भरणाघर नदीच्या काठावरच होतं, शाई कालवायला पाणी लागतं म्हणून. आत मोठमोठ्या कढया होत्या. भरणारा कारागीर तोंडात विडा धरून शाई घोटत होता. त्याने मोहरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि धंद्यातल्या माणसाच्या कोरडेपणाने सांगितलं, “बावीस फटी. दुपारपर्यंत होईल. शाई दाट व्हायला अर्धा तास लागेल, तोवर बाहेर पायरीवर बस. ऊन खा जरा.”

ती बाहेर येऊन बसली. बावीस. आपल्या अंगात किती फटी आहेत हे तिने आजवर मोजलं नव्हतं. ती एकेक फट बोटाने चाचपू लागली. लहानपणी या फटीत आत्या शेवंतीचं फूल अडकवायची. या खालच्या फटीतून वारा शिरला की गुदगुल्या होत आणि ती उभ्या ओळीत खुदकन हसायची, मग नाचणदास दचकून जागा व्हायचा. दुपारपर्यंत हे सगळं बुजून जाणार होतं. तिला वाटलं होतं, या विचाराने आनंद होईल. तो काही झाला नाही. तिला भूक लागल्यासारखं वाटत होतं, पण भूक लागली नव्हती.

ऊन चढलं तसं धुकं विरायला लागलं. काठावर सातूबा परतीच्या तयारीत होता. त्याने दोर सोडला, एक पाय नावेत टाकला, समोर बघितलं आणि तसाच थांबला. मग तो पाय त्याने बाहेर काढला.

“अरेरे,” सातूबा म्हणाला, आणि त्याने डोक्यावरची टोपी उतरवली.

“काय झालं?” मोहरीने विचारलं.

“कोणीतरी गेलं बघ तिकडे. टेकडीवरच्या ओळीत फट पडलीय. इतकी वर्षं नाव चालवतोय, पण असं कधी पाहिलं नव्हतं. कोण असेल बिचारं?”

“अहो सातूबा, कोणी गेलं नाही. मी आहे ती! म्हणजे गेलेय, पण इकडे आलेय.”

सातूबाने तिच्याकडे बघितलं. तिच्या ठिपक्यांकडे बघितलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “थट्टा करू नये, बाई. त्या टेकडीवरची मंडळी अखंड आहेत. एकाच्याही अंगात सुईच्या टोकाएवढं भोक नाही. आम्ही रोज बघतो ना, मधल्या धारेतून. काठाशी आल्यावर डोळे खडकांवर, वर बघायला सवड कुठली?”

तेव्हा मोहरी उठली आणि वळून तिने नदीपलीकडे पाहिलं.

जन्मापासून ती त्या टेकडीवर होती, पण टेकडी तिने कधी समोरून पाहिली नव्हती. धुकं आता नुसतं पाण्यालगत उरलं होतं, आणि वर, हिरव्या उतारावर, ठळक अक्षरं लिहिलेली होती. ठिपका कुठेच नव्हता. एका दमात, हात न उचलता कोणी लिहीत गेलं असावं तशी भरदार, वळणदार, सलग रेघ. तिला आधी वाटलं, ही दुसरी कोणीतरी माणसं आहेत. मग तिने शेवटचं अक्षर ओळखलं. तिळोबाकाका. छातीतून शेळी दिसत नव्हती. आत्याच्या खांद्यातून आभाळ दिसत नव्हतं, आणि तिच्यातले परके दोन ठिपके कुठले, हे तर देवालाही सांगता आलं नसतं. तिने भोकं शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. डोळे बारीक केले, मोठे केले. एकही सापडलं नाही.

नाही, एक सापडलं. मधोमधच्या जरा अलीकडे, बरोबर तिच्या अंगाएवढं. त्यातून नुसतं गवत दिसत होतं. कोणीही सरकलं नव्हतं. एका बोटानेसुद्धा नाही.

मोहरीच्या डोळ्यांना धार लागली, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी तिला हसूही येत होतं. “मी त्यांना सांगितलं होतं सरकून घ्या म्हणून,” ती सातूबाला म्हणाली. “ऐकतील तर शपथ!”

पण सातूबाचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तो हात कपाळाशी धरून पाण्याकडे बघत होता. धुकं उठल्यावर नदीत निघालेल्या सगळ्या नावा मधल्या धारेत येऊन थबकल्या होत्या. पाचा, आठवले, नऊजी, एकजात सगळे नावाडी वल्ही पाण्याबाहेर उचलून उभे होते.

“ते का थांबलेत?”

“थांबणारच. ओळ अपुरी दिसली की नाव लावायची नाही, अशी आमच्यात रीत आहे. अक्षर खाली आलं याचा अर्थ टेकडी खचली. टेकडी खचली याचा अर्थ खडक पाण्यात सरकले. कुठे सरकले ते कोणाला माहीत? ओळ पुरी होईपर्यंत किंवा दिवस मावळेपर्यंत वाट बघायची, आणि मग मागे फिरायचं.”

“नावांत कोण असतं?”

“आज बाजार ना. बायकामाणसं, लेकुरवाळ्या, म्हातारेकोतारे, सगळे.”

भरणाघरातून कारागिराने हाक मारली, “बावीस फटी, आत या! शाई तयार आहे.” त्याच वेळी स्तंभरावही हातातला ओळंबा सांभाळत घाटाच्या पायऱ्या उतरून आला. त्याने मोहरीसाठी ग्रंथातल्या जागेची चिठ्ठी आणली होती.

“चल,” तो म्हणाला. “दांडेबाई वाट बघताहेत. तुझं नाव मात्र पुन्हा एकदा सांग म्हणाल्यात.”

“स्तंभराव, जरा तिकडे बघा.”

सरळ घराण्यातल्यांना मान वळवणं जड जातं. स्तंभराव पायापासून सगळाच वळला आणि त्याने नदीपलीकडे पाहिलं. टेकडीवर तो गेला होता तो पानपूरहून, मागच्या रस्त्याने, आणि परतला होता धुक्यात. आणि ठिपकेवाल्यांना त्याने पाहिलं होतं ते हातभर अंतरावरून, ओळंबा लावून. तो बराच वेळ बघत राहिला. हातातली दोरी एकदा डोळ्यासमोर धरून त्याने त्या तिरप्या ओळीचा कल मोजला, पुन्हा मोजला, आणि उरलेल्या दहाच्या दहा जणांचा कल एकसारखा आला असावा, कारण त्याने दोरी खिशात ठेवली.

“एका दिवसात?” तो हळूच म्हणाला. “हे भरण कोणी केलं? इतकं सुबक काम आमच्याकडे होत नाही.”

 मोहरीने त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, नीट घडी घातली आणि त्याला परत दिली. “दांडेबाईंना माझा नमस्कार सांगा,” ती म्हणाली. “माझं नाव त्यांच्या लक्षात राहायचं नाही, पण सांगा.” मग तिने नावेत उडी मारली. “चला सातूबा, लवकर.”

“ओळ पुरी नाही, बाई. रीत आहे.”

“अहो, ओळ पुरी करायलाच तर निघालेय!”

सातूबाने तिला पुन्हा एकदा निरखलं, ठिपके, कललेला खांदा, सगळं. काय पटलं कोण जाणे. त्याने टोपी तशीच काखेत धरली आणि वल्हं हातात घेतलं.

या खेपेला मोहरी टेकडीकडे तोंड करून बसली होती. थांबलेल्या नावांच्या मधून वाट काढत त्यांची नाव पुढे निघाली. नावाडी ओरडून विचारत होते, सातूबा, वेड लागलं का? अर्धी नदी ओलांडेपर्यंत रेघ अखंड होती. मग ती हळूहळू विरळ व्हायला लागली. आधी कडेला थोडं खडबडीत दिसलं. मग अंगात बारीक बारीक भेगा. मग भेगांमधून हिरवं काहीतरी हललं, ती शेळी होती. काठ जवळ आला तसा आत्याच्या खांद्यातून आभाळ दिसलं, काकाच्या छातीतून गवत, आणि सगळे पुन्हा तिच्या ओळखीचे, फटीफटींचे, ठिपक्यांचे झाले. मोहरीला ते इतके आवडले की तिच्याने बसवेना. नाव लागायच्या आधीच ती पाण्यात उतरली आणि चढ चढू लागली.

वर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती. जिरूआत्याने तिला पाहिलं, आणि बोलायच्या आधी रडली, ही गोष्ट त्या घरात प्रथमच घडत होती. मग मात्र ती बोलली. “सकाळपासून पाय भरून आलेत माझे! हा नाचणदास दोनदा पेंगत तुझ्या जागेत कलंडला, दोनदा मी त्याला चिमटा काढला. तू म्हणे सरकून घ्या. आम्ही का बाकावर बसलोय सरकायला?”

“जेवलीस का?” ओळीच्या टोकावरून तिळोबाने एवढंच विचारलं. 

“जेवेन मागून, काका. आधी उभी राहू दे.”

ती आपल्या जागेत शिरली. दबलेलं गवत थोडं वर उठलं होतं, ते तिने पायाने दाबलं. एका बाजूला आत्या, एका बाजूला नाचणदास, दोघांपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर. तिने खांदा सगळ्यांच्या बरोबरीने कलता केला. इथून तिला काहीच खास दिसत नव्हतं. आत्याची पाठ, दोन ठिपके, त्यांच्या मधली मोकळी जागा. त्या जागेतून वाऱ्याची झुळूक आली, तिच्या अंगातून आरपार गेली आणि नाचणदासापर्यंत पोचली.

खाली दूर पाण्यात, मधल्या धारेत खोळंबलेल्या नावांमधली एक जरा हलली. मग दुसरी. मग वर उचललेली सगळी वल्ही एकामागून एक पाण्यात पडली.